खोक्यावरचा आकडा



पत्रिकेत विषय छापलाय ‘कोणता एसएसडी घ्यावा?’ खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा वाचू नका, एवढं सांगून मी खाली बसू शकतो. पण कार्यवाहांनी पाऊण तास दिलाय. (हशा)

हार्ड डिस्क कशी फिरते ते इथे कुणाला सांगायला नको. तिच्या हेडला हव्या त्या जागी पोचायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेच. तुम्हाला जाणवतो तो फरक हा. साटा एसएसडी सेकंदाला साधारण 550 मेगाबाइट वाचतो, चौथ्या पिढीचा एनव्हीएमई 7,000. म्हणून वर्ड बारापट लवकर उघडतं?

(मागून : व्हिडिओ एडिटिंगला लागतं!)

लागतं हो. लालबागच्या मिरवणुकीचं फोर-के चित्रीकरण कापणाऱ्यांनी जरूर घ्यावा, मी काही आडवा पडलेलो नाही. (हशा) मी बोलतोय जुन्या लॅपटॉपवाल्यांबद्दल.

इथे भोईवाडा कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारे आमचे एक स्नेही आहेत. ते गेले लॅमिंग्टन रोडला. आता पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा! त्याच रस्त्यावर मिनर्व्हाला ‘शोले’ पाच वर्षं चालला. आमच्या पिढीतले निम्मे लोक त्या रस्त्याला लागले ते गब्बरमुळे, कॉम्प्युटर नंतर आला. (टाळ्या) कुठे होतो? हां. स्नेही सात हजारी आकड्याचा एनव्हीएमई घेऊन आले. पट्टी खाचेत बसेना. लॅपटॉपमध्ये एम.टू खाच होती, पण ती फक्त साटाची. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. दुकानदार परत घेईना. शेवटी त्यांना साटाचा साधा एसएसडी घ्यावा लागला, आणि आता अर्ज झटपट निघतात.

खरी गोम पेशीत आहे. टीएलसीच्या एका पेशीत तीन बिट, क्यूएलसीत चार. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत आणखी एक बिऱ्हाड. आठाऐवजी सोळा पातळ्या ओळखायच्या, म्हणून लिहिणं मंद आणि झीज जास्त. ते झाकायला थोडी जागा वेगवान ठेवतात. ती भरली की संपलं. सॅमसंग 870 क्यूव्हीओ घ्या, एक टीबीचा. लिहिण्याचा जाहीर वेग 530, राखीव जागा भरल्यावर कंपनीच्याच कागदावर 80! हार्ड डिस्कहून कमी. लिहिण्याची हमी 360 टीबी, त्याच कंपनीच्या 870 ईव्हीओची 600. मी तर म्हणतो, पैसे बेताचे असतील तर एक टीबीच्या क्यूएलसीपेक्षा निम्म्या क्षमतेचा टीएलसी घ्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं? दोन! बरं. डीरॅम कॅशचा भाग सोडतो.

लग्नाचे फोटो मात्र एसएसडीत भरून कपाटात ठेवू नका. हमीइतकं लिहून झालेला घरगुती एसएसडी विजेविना 30 अंशांना एक वर्ष माहिती टिकवेल, एवढीच जेडेकच्या मानकाची अपेक्षा. आणि मे महिन्यात आपलं कपाट 30 अंशांवर? (हशा) त्यासाठी हार्ड डिस्क, आणि दोन प्रती.

तिसऱ्या रांगेतून भाव विचारतायत. भाव मी सांगत नाही. उद्या तुम्ही माझं नाव सांगून घासाघीस कराल, आणि मला तिथूनच केबल घ्यायची आहे.