माइक गळा पाहून नव्हे, शेजार पाहून

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याला शेवटच्या रांगेपर्यंत छातीच्या जोरावर पोचावं लागे. सुरतजवळच्या आमच्या चलथाणात तसं करून पाहायची माझी हिंमत नाही. इकडे मुंबई-दिल्ली महामार्ग, तिकडे उधना-जळगाव रेल्वे, हंगामात साखर कारखान्याकडे निघालेले उसाचे ट्रॅक्टर आणि आसपासच्या लूमची खटखट. याच गोंगाटात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या घरांतली मुलं अहिराणी गाणी रेकॉर्ड करतात आणि रात्री त्यांचीच भजनी मंडळं उभी राहतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘भाऊ, घरीबी चालेल आणि कार्यक्रमातबी चालेल, असा स्वस्तातला माइक कोणता?’

बहुतेकांनी तोपर्यंत मनात कंडेन्सर माइक पक्का केलेला असतो. स्टुडिओच्या फोटोत तोच टांगलेला दिसतो ना! कंडेन्सरचा पडदा अतिशय पातळ आणि हलका. श्वास, ओठांची हालचाल, तंबोऱ्याचा झंकार, सगळं तो बारकाईनं टिपतो. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा त्यातला परवडणारा आणि खरोखर चांगला माइक आहे. पण त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागते. मंडळाच्या जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये ती सोय बहुधा नसते, मग माइक मुकाच राहतो. घरी तो चालतो, पण पत्र्याच्या छताखाली, पंखा फिरत असलेल्या खोलीत तो तुमच्या गळ्याइतक्याच निष्ठेनं पंखाही रेकॉर्ड करतो.

डायनॅमिक माइकची रचना साधी. पडद्याला तारेची गुंडाळी चिकटवलेली असते आणि ती चुंबकाच्या फटीत हलली की वीज तयार होते. बाहेरून वीज द्यावी लागत नाही, धक्के सोसतो, घामाला फारसा भीत नाही. दुकानदार सांगतात, ‘हा बाहेरचा आवाज घेतच नाही.’ हे काही खरं नाही. गाणं कुठलं आणि ट्रक कुठला, हे ओळखण्याची अक्कल कुठल्याच माइकला नसते. खरी जादू अंतराची आहे. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलनं चढतो. एक फुटावरून दीड इंचावर आलात, म्हणजे अंतर तीनदा निम्मं झालं आणि आवाज १८ डेसिबलनं चढला. ट्रक मात्र होता तिथंच राहिला. आता गेन खाली घ्या, ट्रकही खाली जातो. डायनॅमिक माइक इतक्या जवळून गायलेलं सहन करतो, म्हणून आपल्या वस्तीत तो जिंकतो. जवळ गेल्यावर खर्ज जरा फुगतो, तेवढा मिक्सरवर कमी करायचा.

शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ चा माइक, आणि आजही स्टेजवर तोच दिसतो. गंमत म्हणजे त्या ‘एसएम’चा अर्थ स्टुडिओ मायक्रोफोन! तो घेता आला तर उत्तमच, पण बाजारात त्याच्या नकला भरपूर आहेत. अधिकृत विक्रेत्याच्या बिलाशिवाय घेऊ नका, अर्ध्या किमतीत मिळत असेल तर मुळीच नको. तेवढे पैसे नसतील तर बेहरिंगरचा एक्सएम ८५०० त्याच्या बऱ्याच खालच्या किमतीत येतो. भजनाला आणि घरच्या गाण्याला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचलेल्या पैशांतून आधी चांगली एक्सएलआर वायर आणि जड बुडाचा स्टँड घ्या, मग घरासाठी छोटा ऑडिओ इंटरफेस.

मंडपात माइक शिट्टी मारतो तेव्हा सगळे साउंडवाल्याकडे रागानं बघतात. निम्म्या वेळा दोष गाणाऱ्याच्या मुठीचा असतो. हे माइक समोरून जास्त ऐकतात आणि पाठीकडून जवळजवळ बहिरे असतात, आणि तो बहिरेपणा जाळीमागच्या फटींमुळे येतो. बुवा भावनेच्या भरात जाळीच मुठीत धरतात, फटी बंद होतात आणि माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो, समोरच्या भोंग्यासकट. दांडा खाली धरा. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या पाठीकडे ठेवा, भोंगे गाणाऱ्याच्या पुढे. पखवाजाला जमलं तर वेगळा माइक द्या. नाहीतर वादकाला दोन हात मागं बसवा, रुसला तरी.

घरी खोलीच्या मधोमध गाऊ नका. गोधड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्याच्याकडे पाठ करून गा. माइकचं तोंड गोधड्यांकडे राहतं आणि भिंतींवरून परत येणारा आवाज तिथं मुरतो. पंखा तेवढी पाच मिनिटं बंद.

आता कॉर्डलेसबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. हजार-दीड हजारात मिळणाऱ्या जोडीच्या नादी लागू नका. ऐन अभंगात सेल उतरतो, नाहीतर आवाज मधूनच तुटतो. नाचत गाणारा कलाकार असेल तर चांगला सेट त्या दिवसापुरता भाड्यानं आणा. बसून भजन करणाऱ्याला वायरची अडचण ती कसली?