घरच्या साच्यातली गोळी आणि तीस डॉलरचा परवाना

९ जुलै १७७६ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीन चौकात जमावाने दोर लावून राजा तिसऱ्या जॉर्जचा पुतळा खाली ओढला. घोड्यावर बसलेला तो राजा शिशाचा होता, वरून सोन्याचा मुलामा. त्याचे बरेचसे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्ड गावी पोचले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर पुढे सही करणारे ऑलिव्हर वॉलकॉट तिथले. त्यांच्या आवारात बायकामुलींनी ते शिसे वितळवले, साच्यांत ओतले आणि बंदुकीच्या गोळ्या केल्या. त्यांचा हिशेबही ठेवला गेला: ४२,०८८.

घरी गोळी ओतणे अमेरिकेत इतके जुने आहे. आजही तिथे असंख्य घरांच्या गॅरेजमध्ये शिशाची भट्टी असते. टायरच्या दुकानातून चाकांचा तोल साधायची जुनी वजने आणायची, थोडे कथील आणि अँटिमनी मिसळायचे, साचा भरायचा. विकतच्या गोळीपेक्षा ती स्वस्त पडते, आणि आपल्या बंदुकीला नेमकी बसणारी गोळी स्वतः करण्यात कारागिराचे समाधान असते. स्वतःपुरत्या अशा गोळ्या ओतायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. मग नेमबाजीच्या मैदानावरचा सोबती म्हणतो, मलाही हजारभर दे, पैसे घे. त्याच्यामागून दुसरा येतो, तिसरा येतो. छंदाचा धंदा होतो तो असा, आणि कायद्याचा संबंध येतो तोही इथेच.

हा कायदा म्हणजे १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट. त्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. दारूगोळा कशाला म्हणायचे हे त्यात सांगितले आहे. सामान्य माणूस म्हणेल, तयार काडतूस. कायदा त्याच्याही मागे जातो. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी नळी, तिच्या तळाची टोपी, आतली दारू आणि टोकाला बसवलेली गोळी. व्याख्येत हे चारही भाग वेगवेगळे नोंदलेले आहेत. म्हणून दारूचा कणही न लागलेला, नुसता शिशाचा घडीव तुकडा कायद्याच्या नजरेत पूर्ण दारूगोळा आहे. तो विकण्यासाठी बनवण्याचा धंदा करणाऱ्याला परवाना हवा. पुष्कळ ओतकाम करणाऱ्यांना हे पटत नाही. आपण बंदूक विकत नाही, काडतूस भरत नाही, मग परवाना कशाचा, असे ते विचारतात. उत्तर व्याख्येतच आहे.

या व्याख्येला कोपरेही आहेत, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. शॉटगनच्या एका काडतुसात जे पुष्कळ बारीक छर्रे भरतात, ते नियमांनी दारूगोळ्यातून वगळले आहेत. त्याच शॉटगनसाठी एकच मोठी गोळी ओतली, तर मात्र ती आत येते. १८९८ पर्यंत बनलेल्या पुरातन बंदुका आणि काळी दारू तोंडाकडून ठासून भरायच्या बंदुका यांना हा कायदा ‘फायरआर्म’च मानत नाही, त्यामुळे निव्वळ ठासणीच्या बंदुकीसाठी ओतलेली गोल गोळीही व्याख्येबाहेर राहते. एकाच भट्टीतल्या शिशाला साच्यानुसार वेगवेगळा कायदा लागू होतो.

परवाना देते एटीएफ ही केंद्रीय यंत्रणा. त्याचा प्रकार सहावा, दारूगोळा उत्पादकाचा. फी वर्षाला १० डॉलर, मुदत तीन वर्षे, म्हणजे एका वेळी ३० डॉलर. हातोहात भरता येईल अशी ही रक्कम आहे. खरा खर्च वेळेचा आहे. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. अर्जाची प्रत स्थानिक पोलिसप्रमुखाकडे जाते. तपास अधिकारी भेटीला येतो. आणि घरी धंदा करणाऱ्याची गाडी हमखास जिथे अडते ती अट वेगळीच आहे: जागेवर हा व्यवसाय करायला राज्याच्या आणि गावाच्या नियमांची आडकाठी नाही, हे अर्जदाराने लिहून द्यायचे असते. निवासी वस्तीत कारखानदारी चालत नसेल, तर केंद्राच्या दारात जाण्याआधी नगरपालिकेच्याच दारात थांबावे लागते.

परवाना हाती आला की जबाबदाऱ्याही येतात. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची गोळी २१ वर्षांखालच्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही, रायफल-शॉटगनची १८ खालच्याला नाही. पोलाद, पितळ, टंगस्टनच्या मिश्रधातूंची चिलखतभेदी गोळी या परवान्यात बसत नाही. तिच्यासाठी वेगळा परवाना आणि वर्षाला १,००० डॉलर. विनापरवाना धंदा जाणूनबुजून केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद.

हा कागदावरचा धाक नव्हे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास वेगासमध्ये एका संगीत महोत्सवावर हॉटेलच्या खिडकीतून गोळीबार झाला. हल्लेखोराच्या खोलीत न झाडलेली काही काडतुसे सापडली आणि त्यांच्यावर ॲरिझोनातल्या एका अभियंत्याच्या बोटांचे ठसे होते. नोकरी सांभाळून तो दारूगोळा विकत असे. त्याच्यावर हत्याकांडात सामील असल्याचा आरोप ठेवला गेला नाही. खटला उभा राहिला तो परवाना नसताना दारूगोळा बनवण्याचा धंदा केल्याबद्दल. घरामागच्या कार्यशाळेत तो काडतुसे उघडून पुन्हा भरत होता. २०१९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२० मध्ये त्याला १३ महिन्यांची शिक्षा झाली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९६८ च्या मूळ कायद्यात दारूगोळा विकणाऱ्या दुकानदारालाही परवाना लागत असे. १९८६ च्या दुरुस्तीने केंद्राची ती अट काढून टाकली. बनवणाऱ्यावरची कायम राहिली. त्यामुळे दुसऱ्याने बनवलेल्या गोळ्या दुकानात मांडून विकणाऱ्याला केंद्राचा परवाना नको, आणि स्वतः ओतून विकणाऱ्याला हवा. कारागिराला हा अन्याय वाटतो. पण गोळीचा माग काढायचा झाला तर जो उगम आहे, तिथे नाव-पत्ता नोंदवून घेणे हे किमान आहे, आणि त्यासाठी वर्षाला १० डॉलर मागणे जुलूम नाही.

अमेरिकेतल्या मराठी घरांनी तर ही व्याख्या नीट वाचावीच. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक किंवा दारूगोळा बाळगताच येत नाही. गोळी हाही दारूगोळाच असल्यामुळे, सहकाऱ्याच्या गॅरेजमधून हौसेने आणलेली मूठभर गोळ्यांची पुडीसुद्धा अशा माणसाला गुन्ह्याच्या दारात नेऊ शकते. भारतात तर प्रश्न याहून सरळ आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि बनवणे व विकणे दोन्हीला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा उत्पादनाला किमान सात वर्षे, कमाल जन्मठेप.

अमेरिकी कायद्यातला कच्चा दुवा एकच, पण महत्त्वाचा. ‘धंदा’ कधी सुरू झाला म्हणायचे? कायदा सांगतो, उपजीविका आणि नफा हा मुख्य हेतू ठेवून नियमितपणे वेळ आणि श्रम घालणे म्हणजे धंदा. गोळ्यांची संख्या नाही, डॉलरची मर्यादा नाही. मित्राला एकदा शंभर गोळ्या देणारा सुटतो, दर शनिवारी प्रदर्शनात टेबल मांडणारा सुटत नाही; मधला मोठा पट्टा धूसर आहे. २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने बंदूक विक्रेत्यांपुरती ही व्याख्या बदलली, उपजीविकेची अट काढून मुख्यतः नफा कमावण्याचा हेतू पुरेसा ठरवला. दारूगोळा बनवणाऱ्यांची व्याख्या मात्र १९८६ मध्ये होती तशीच राहिली. ती स्पष्ट करण्याचे काम संसदेने हाती घ्यायला हवे, कारण आज तो धूसरपणा ज्याच्या अंगावर येतो तो मोठा कारखानदार नसतो, त्याच्याकडे वकील असतात. तो गॅरेजमधला माणूस असतो. तोवर त्याने पहिली विक्री करण्याआधी एटीएफच्या जवळच्या कार्यालयाला लेखी विचारावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे.