बाईचा पाय आणि गाडीचा क्लच

(वाहनचालक महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी गेली बारा वर्षं शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. आज हक्कांबद्दलच बोलणार आहे, पण सुरुवात क्लचपासून करते. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हा भाग दिसत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी काहीही सांगावं आणि आपण मान हलवावी, असं चालतं.

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. इंजिनाबरोबर ती फिरते. तिला लागून क्लच प्लेट आणि तिच्यामागे प्रेशर प्लेट. पाय उचललेला असतो तेव्हा प्रेशर प्लेटची स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगला ढकलतं आणि पकड सुटते. चपलेचा तळ झिजावा तशी प्लेटची लायनिंग झिजते. पुरुषानं चालवली तरी झिजते.

पण गॅरेजमध्ये आपल्याला काय ऐकायला मिळतं? "ताई, लेडीज ड्रायव्हिंगला क्लच जातोच." पेडलवर सतत पाय ठेवला, चढावर क्लचवर गाडी तोलून धरली, तर प्लेट लवकर जाते हे खरं. ही सवय कुणालाही असू शकते. आणि कधी इंजिनाच्या सीलमधून गळणारं तेल प्लेटवर जाऊन ती घसरते. ते न बघता बाईच्या पायावर खापर फोडलं, तर गळती तशीच राहते आणि नवी प्लेटही खराब होते.

माझ्या व्हॅनला एका गॅरेजनं नवी प्लेट बसवली. पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरू लागली. तक्रार केली, तर उत्तर मिळालं, "पायाला सवय होईल." शेवटी दुसऱ्या मिस्त्रींनी माझ्यासमोर गिअरबॉक्स उतरवला. फ्लायव्हीलवर निळसर डाग होते. प्लेट घसरली की उष्णतेनं असे डाग पडतात, तिथला धातू कडक होतो, प्लेट सारखी टेकत नाही. वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग करून पृष्ठभाग सपाट केला, प्लेट पुन्हा बदलली, थरथर थांबली. पण मजुरी दोनदा गेली आणि बुडालेली कमाई कुणी भरून दिली नाही.

म्हणून काम सुरू होण्याआधीच विचारा. फ्लायव्हील तपासणार का? तेल गळतंय का? घासल्यावर कंपनीनं सांगितलेली किमान जाडी उरेल का? खोल तडा असेल तर ते बदलावंच लागतं. काही गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, आतून स्प्रिंगा असलेलं. ते सहसा घासत नाहीत, बदलतात आणि ते महाग पडतं. तुमच्या गाडीत कोणतं आहे ते आधी माहीत करून घ्या. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घेणं बरं, नाहीतर गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी पडते.

जुने भाग मागून घ्या. मजुरी आणि सामान वेगळं लिहिलेलं पक्कं बिल घ्या. पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही कायद्यानं सेवा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्या वेळी बिलच कामी येतं.

आणि गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलींना एक सांगणं. क्लचमधली धूळ हवेनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्यानं पुसा, मास्क लावा.

१९८८ साली शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवू लागल्या. त्यानंतर कितीतरी जणींच्या हाती स्टिअरिंग आलं. पाना मात्र अजून फार थोड्या जणींच्या हाती आहे. पुढच्या बैठकीला मी एक जुना क्लच सेट आणणार आहे. आपण तो हातात घेऊन बघू. हात काळे होतील, जुने कपडे घालून या.