माळढोकाचा शेजार

सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं. तिथल्या एका मेंढपाळ आजोबांना मी विचारलं, "माळढोक दिसतो का?" म्हणाले, "आता कुठं? पयलं मेंढरं चारताना दिसायचा."

१९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांना अडथळे आले आणि पक्षी शेतकऱ्याच्या डोळ्यांत खुपू लागला. (बिचाऱ्याने काही सातबारा मागितला नव्हता!) २०१२मध्ये हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर बराच माळ नांगराखाली गेला होता. कुठे 'पडीक' म्हणून झाडं लावली होती. माळढोकाला दाट झाडी नको, मोकळं गवत हवं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते.

ते अंडं वनरक्षकाच्या आधी मेंढपाळाला दिसणार. मग विणीच्या काळात चराई कुठे थांबवायची, हे त्याच्यासोबत बसून ठरवायला नको का? आणि तेवढे दिवस चारा कोण देणार, हेही. लांडग्याने मेंढी नेली तर भरपाई वेळेवर मिळावी. लांडगा, काळवीटही याच माळाचे.

निघताना आजोबा म्हणाले, "परत याल तवा पावसाळ्यात या. गवत बघा."