खो देणारी बाई

 

निवडणूक आली की गावाचे दोन भाग होतात. निकाल लागतो, गुलाल उधळतात, डीजे वाजतो आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारीण शेजारणीशी बोलत नाही. गुलाल धुतला जातो, अबोला राहतो. त्याची पहिली झळ बसते गटाला. ‘तिच्या घरी बैठक असेल तर मी येत नाही,’ असं कानावर आलं की आम्ही समजतो, आता हप्ते थकणार.

आमच्या एका गावात ही झळ लेकींपर्यंत गेली. शाळेच्या मैदानावर रोज संध्याकाळी पंधरा-वीस पोरी खो-खो खेळायच्या. निकालानंतर निम्म्या घरी बसल्या. एकीचे वडील म्हणाले, “त्यांच्या पोरींसंगं आमची पोर खेळणार नाही.” खेळायला एका बाजूला नऊ जणी लागतात. दोन बाजू भरायच्या कशा?

गटातल्या बायका एकत्र बसल्या. दोन्ही पॅनलच्या घरांतली एकेक बाई निवडली आणि त्या दोघी जोडीनं घरोघर गेल्या. एवढंच म्हणाल्या, “तुमचं भांडण पाच वर्षं चालवा. पोरींचं खेळायचं वय पाच वर्षं थांबत नसतं.” आठवड्याभरात बऱ्याच पोरी परत आल्या. काही घरं अजून ऐकत नाहीत. पण खेळ सुरू झाला, आणि आता येता-जाता बायकाही एकमेकींशी बोलू लागल्या.

मैत्रिणींनो, ह्या खेळाकडं जरा नीट बघा. आठ जणी रांगेत बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पळते. दमली किंवा गडी हातचा निसटायला लागला की ती बसलेलीच्या पाठीला हात लावते, ‘खो’ म्हणते आणि स्वतः तिच्या जागी बसते. तोंडं उलट दिशेला असली तरी संघ एकच असतो. आणि जी खोच देत नाही, एकटीच पळत राहते, तिचा संघ हरतो.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे कर्णधार होती. अंतिम सामन्यात भारताच्या पोरींनी नेपाळला 78-40 नं हरवलं. त्याआधी 2024 मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकला देशाचा तिरंगा घेऊन पुढं चालली ती आपल्या नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव. गोळाफेकीत तिचा पाचवा नंबर आला, पदक मिळालं नाही. तरी सगळ्या संघाचा झेंडा तिच्या हातात होता. पुढारपण म्हणजे दरवेळी पहिला नंबर नव्हे.

आपल्या भागाला हे नवीन नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढं घरांच्या दुरुस्तीचं काम निघालं, तेव्हा लातूर-धाराशिवच्या गावांत बायकांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम केलं. सरकारची योजना घरोघर समजावून सांगायची, लोकांचं म्हणणं वर पोचवायचं. हातात सत्ता नव्हती, पण गाव त्यांचं ऐकत होतं.

आज ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण खुर्ची बाईची आणि बोलणं मालकाचं, असं किती ठिकाणी आपण बघतो! म्हणून आमचं तीन गोष्टींचं मागणं आहे.

एक, बचतीच्या बैठकीत पॅनलचं नाव काढायचं नाही. मत ज्याचं त्याचं, पण पैसा सगळ्यांचा आहे. साडी वाटायला कुणी आलं तर त्याला बैठकीबाहेरूनच हात जोडायचे.

दोन, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, असा नियम आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. सगळ्या मिळून जा. सरपंचबाई तुमच्या पॅनलची नसली तरी तिला बोलू द्या, तिच्या बाजूला बसा. आणि त्या सभेत पाणी, रस्त्याबरोबर पोरींच्या मैदानाचाही ठराव मांडा.

तीन, गटाचं अध्यक्षपद, सचिवपद आळीपाळीनं फिरवा. जिला सही करताना हात थरथरतो, तिलाही एकदा खो द्या. हिशेब आपण शेजारी बसून शिकवू.

निवडणुका येत राहतील, पॅनल बदलत राहतील. आपली बैठक मात्र ठरल्या वारी, ठरल्या वेळी भरली पाहिजे. येत्या बैठकीला येताना, जी बोलायची बंद झाली आहे तिच्या दारावरून या आणि तिला हाक मारून संगं घेऊन या.