दूरध्वनीवरून येणारे काम आणि संगणकाची दक्षता

(हिंजवडी येथे संगणक कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेल्या येथील माहिती तंत्रज्ञान उद्यानात आपल्यापैकी अनेकांचे काम दूरच्या संगणकावर चालते. दूरस्थ माणसाला संगणकाने आत कसे घ्यावे, हा प्रश्न मात्र या उद्यानाहून जुना आहे. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केलेली सार्वजनिक इंटरनेट सेवा दूरध्वनीच्या तारेवरूनच घरोघरी पोहोचली. आयबीएम कंपनीने १९८८ साली आणलेल्या ‘एएस/४००’ या मध्यम संगणकावरही याच तारेने दूरवरून काम करता येई.

दूरच्या ठिकाणचा मोडेम अंकी खुणांचे ध्वनीत रूपांतर करी, मुख्य संगणकाचा मोडेम फोन उचलून त्यांच्या पुन्हा खुणा करी. त्यानंतर ओळख पटविली जाई. साध्या पद्धतीत परवलीचा शब्द उघडाच तारेवरून जाई. ‘चॅप’ पद्धतीत मुख्य संगणक दर वेळी नवे आव्हान धाडी आणि त्यावरून परवलीच्या शब्दाच्या साह्याने काढलेले उत्तर तपासी. शब्द स्वतः तारेवर येत नसे. अधिक दक्षता हवी असल्यास फोन तोडून नोंदलेल्या क्रमांकावर उलट फोन करण्याचीही सोय होती. ओळख पटली की त्या व्यक्तीचे काम आभासी टर्मिनलवर स्वतंत्र ‘जॉब’ म्हणून चाले.

खरी कसोटी लागते ती तार मध्येच तुटल्यावर. माणूस गेला, तरी त्याचा जॉब मागे उरू शकतो. योग्य तजवीज नसल्यास पुढे त्याच जोडणीवर येणाऱ्या परक्याच्या हाती आधीच्याचे उघडे काम पडण्याचा धोका असतो. एखाद्याचे खाते वा पगारपत्रक असे उघडे पडावे, हे कोणास रुचेल? म्हणूनच तार तुटताच जॉब संपवावा की राखून ठेवावा, किती मिनिटे निष्क्रिय राहू द्यावा आणि परवलीचा शब्द किती वेळा चुकू द्यावा, हे व्यवस्थापकाने आधीच ठरवून द्यावे लागते.

२०२० च्या टाळेबंदीत असंख्य कर्मचारी घरून काम करू लागले. तोवर मोडेमची जागा वेगवान जोडण्यांनी घेतली होती. प्रश्न मात्र तेच राहिले. कोण आला, त्यास काय पाहू द्यावे आणि तो गेल्यावर दार कोणी लावावे? यंत्र आज्ञेबरहुकूम वागते. आज्ञा विचारपूर्वक देणे, हे आपले कर्तव्य होय.