रिलुझोल घेताना
एएलएस या चेतापेशींच्या आजारात हातापायांतली ताकद हळूहळू जाते, पुढे गिळणं-बोलणंही अवघड होतं. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेलं रिलुझोल हा आजार बरा करत नाही, त्याची चाल थोडी मंद करतं. तेव्हा ‘फरक दिसत नाही’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तोही जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. नाश्त्याबरोबरच सगळ्या गोळ्या उरकायची आपली सवय इथे चालत नाही. एक गोळी चुकली, तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. यकृतासाठी रक्ततपासणी आधी करावी, मग पहिले तीन महिने दरमहा. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि हो, गोळी गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ औषधाबद्दल त्यांना जरूर विचारा.